दुसऱ्या भागातला लोहार

माझ्या भाचीनं मला राक्षसांच्या नादी लावलं तेव्हा ती सातवीत होती आणि मी लग्नाच्या बाजारातून जवळजवळ बाद झालो होतो. वडीगोद्रीला हायवेलगत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. मोटार भरणं म्हणजे विहिरीतली किंवा बोअरमधली जळालेली मोटार खोलायची, आतली करपलेली तांब्याची तार काढायची आणि नवी घालायची. ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला हे उत्तर दिलं की समोरची माणसं चहा संपवायची घाई करायची. एकानं तर विचारलं होतं, ‘‘म्हंजे कायम नोकरी न्हाई?’’ मी म्हणालो, ‘‘लोकांच्या मोटारी कायम जळतेत की.’’ मला वाटलं तो हसेल. तो उठलाच.

जाऊ द्या. सांगायचं होतं राक्षसांबद्दल.

उन्हाळा हा आमच्या धंद्याचा हंगाम. पाणी खाली जातं, लाइट कमी दाबानं येते, आणि माणूस मोटार चालू ठेवून झाडाखाली झोपतो. दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागते आणि प्रत्येकाला आपलीच आधी हवी असते. त्याच दिवसांत माझी मोठी बहीण पुण्याहून सुट्टीला यायची. एरवी घरात मी आणि आई दोघंच, त्यामुळं तिच्या येण्यानं घर भरल्यासारखं वाटायचं. भाचीला मात्र घरात करमायचं नाही. टीव्हीवर आईच्या मालिका, मोबाइलला रेंज नाही. जेवण झालं की ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काखेत मारून दुकानात यायची आणि पंख्याखाली वार्निशच्या रिकाम्या डब्यावर बसायची. आलेली गिऱ्हाइकं वासानं नाक धरायची, पण तिनं कधी नाक मुरडलं नाही.

पुस्तकाच्या कव्हरवर तलवार घेतलेली एक पोरगी होती आणि तिच्यामागं उंच उंच इमारती. मी विचारलं, ‘‘काय हाय यात?’’

पुण्यात ती पुण्यासारखीच बोलत असणार, पण आमच्याकडं आली की चार दिवसांत तिची जीभ वळायची. ‘‘राक्षस मारणाऱ्या पोरांची टोळी हाय, मामा. मोठ्या शहरात राहतेत. राक्षसबी तिथंच राहतेत, पण दिसतेत माणसासारखे. कुणी डॉक्टर, कुणी लिफ्ट चालवणारा. कुणालाच कळत न्हाई.’’

‘‘मंग ह्या पोरांना कसं कळतं?’’

‘‘राक्षसाला घाम येत न्हाई.’’

हे मला एकदम पटलं. पुस्तकातलं काही इतक्या झटक्यात पटल्याचं मला आठवत नाही. मी हातातला पान्हा खाली ठेवला आणि म्हणालो, ‘‘पहिल्यापासून सांग.’’

मग रोज दुपारी ती पुस्तकात डोळे घालून मराठीत सांगायची आणि मी तार गुंडाळत ऐकायचो. जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेतल्या मारामाऱ्या, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये कोंडलेली राक्षसीण, शाळेतून आल्यावर आईला खोटं सांगून शिकारीला जाणारी ती पोरगी. तिला आम्ही शिकारीण म्हणायचो. मी आयुष्यात दोनदा लिफ्टमध्ये बसलोय, दोन्ही वेळा जालन्याच्या दवाखान्यात. पण त्या लिफ्टच्या प्रसंगाला माझ्या अंगावर काटा आला होता.

समोरच्या रसवंतीवर गाड्या थांबायच्या. काळ्या काचांच्या गाडीतून माणसं उतरायची ती कोरडी ठणठणीत. भाची हळूच म्हणायची, ‘‘मामा, तो बघा. पांढरा शर्टवाला. एक थेंब न्हाई.’’ मी पान्हा उचलून तयार असल्यासारखं करायचो. एसी गाडीतून उतरलेलं सगळं जग आमच्या लेखी राक्षस होतं, आणि खरं सांगायचं तर माझं मत अजूनही फारसं बदललेलं नाही.

एकदा बहीण डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. गोष्ट ऐन रंगात होती. ती भाचीवर ओरडली, ‘‘दिवसा गोष्टी सांगू न्हाई गं, मामा वाट चुकतो.’’ आमच्याकडं असं मानतात. गोष्टी अंधार पडल्यावर सांगायच्या. दिवसा सांगितल्या की सांगणाऱ्याचा मामा कुठंतरी रानात रस्ता विसरतो. आमचा एक मामा होता, त्याच्या काळजीनं आम्हीही लहानपणी दुपारी गप्प बसायचो.

भाचीनं पुस्तकातून मान वर केली नाही. ‘‘मामा कुठं जातच न्हाईत, आई. वाट कशी चुकतील?’’

तिघंही हसलो. मी जरा उशिरा हसलो.

वाट नाही, पण वेढे चुकायचे. तार साच्यावर गुंडाळताना वेढे मनात मोजावे लागतात, कमीजास्त झाले की मोटार तापते. इकडं शिकारीण पुलावरून लटकलेली असायची आणि तिकडं माझी मोजदाद गडप व्हायची. कितीदा तरी गुंडाळलेलं उसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं की मी म्हणायचो, ‘‘थांबा जरासं, हिथं माणसं मरून राह्यलीत.’’

त्या सगळ्या गोष्टीत माझा जीव होता लोहारावर. टोळीची हत्यारं दुरुस्त करणारा एक म्हातारा. पुलाखाली त्याचं दुकान. शिकारीण मोडकी तलवार घेऊन आली की तो आधी शिव्या द्यायचा, मग दुरुस्त करायचा. नीट वापरायला काय होतं, फुकट आली का, असं तोंडावर विचारायचा. एकटाच राहायचा. दुपारी फडकं सोडून भाकरी आणि ठेचा खायचा. परदेशातल्या त्या शहरात ज्वारी कुठून आली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उलट मला त्या लेखिकेचंच कौतुक वाटायचं, की इतक्या लांब बसून हिला दुरुस्तीवाल्या माणसाचा स्वभाव इतका बराबर कसा कळला.

दुसऱ्या वर्षी होळीनंतर आई गेली. फार आजारी नव्हती, दोन दिवस अंग मोडलं म्हणाली आणि गेली. बहीण दिवस करून पुण्याला परतली आणि मे महिन्यात पुन्हा आली, या वेळी माझ्यासाठी. मी काम करत होतो, जेवत होतो, पण बोलणं बंद झालं होतं. बोलायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. सकाळी उठून कुणाला काही विचारायचं नसतं, त्यातून जीभ जड झाली ती दिवसभर तशीच राहायची. गिऱ्हाइकाला बोटानं दाखवायचो, ती तिथं ठेव.

भाचीनं दुसरा भाग आणला होता. पुन्हा डब्यावर बसली आणि मी विचारण्याची वाट न बघता सांगत सुटली. पुस्तकाच्या मध्यावर एके दिवशी ती अचानक थांबली. राक्षसांनी लोहाराचं दुकान घेरलं होतं, दुकान पेटलं होतं. तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, डोकं दुखतंय, उद्या सांगते. मी दिवसभर त्या आगीचाच विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, लोहार मागच्या दारानं निसटला. ‘‘भुवया जळाल्या फक्त. आता लई येडा दिसून राह्यला.’’

मी हसलो. आई गेल्यानंतरचं ते पहिलं हसू. भाचीही हसली, आणि मला आठवतं, तिनं लगेच मान खाली घालून पान उलटलं.

त्यानंतरच्या दोन सुट्ट्यांत लोहार वाढतच गेला. त्याला एक लंगडं कुत्रं भेटलं. त्याचं पुलाखालचं दुकान हटवायला आलेल्या साहेबाशी त्याचं भांडण झालं. एकदा टोळीतल्या पोरांनी त्याच्यासाठी स्थळ आणलं, बाई दिसायला चांगली, बोलायला गोड, पण भट्टीजवळ बसूनही तिला घाम येईना, तेव्हा कळलं. ‘‘तुम्हाला आलेली समदी स्थळं तपासाया पायजे होती, मामा,’’ भाची म्हणाली. मी म्हणालो, ‘‘त्यांनीच मला तपासलं गं.’’

मग ती मोठी झाली. दहावी, मग क्लास, मग सुट्टीतले क्लास. येणं थांबलं. एका दिवाळीला बहीण एकटीच आली आणि येताना एक खोकं घेऊन आली. त्यात राक्षसांच्या त्या मालिकेचे पहिले चार भाग होते. ‘‘तिची बारावी होईस्तवर हे तुझ्याकडं राहू दे. घरात असलं की तिचा हात जातोच.’’ मी खोकं केबलच्या बंडलांवर ठेवून दिलं.

पण भाची खमकी होती. पाचवा आणि शेवटचा भाग मैत्रिणीकडून मिळवते, म्हणाली, आणि दर रविवारी दुपारी फोनवर सांगते. सांगायलाही लागली. रविवारी हायवेवर वर्दळ असली तरी माझं दुकान बंद असतं. मी शटर अर्धं ओढून आत बसायचो आणि फोन कानाला लावायचो. त्या फोनची मी आठवडाभर वाट बघायचो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आठवडाभर माझ्याशी बोलणारी माणसं फक्त मोटार कधी मिळेल एवढंच विचारतात. घरी तर तेही नाही. घरात शेवटचं वाक्य मी कधी आणि कुणाशी बोललो, हे मला विचार करून आठवावं लागायचं.

पावसाळ्यात मोटारी बंद असतात, धंदा बसतो. अशाच एका रिकाम्या दुपारी मी खोकं खाली काढलं. माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही काठावर पास झालेलं. पण मोबाइल पानावर धरला की तो मराठी करून दाखवतो. ते मराठी वेडंवाकडं असतं, तरी गोष्ट कळते. मी आयटीआयला वायरिंगचे नकाशे असेच एकेक रेघ धरून शिकलो होतो. पहिला भाग सगळा ओळखीचा निघाला. घाम होता, लिफ्ट होती, रेल्वे होती. फक्त लोहार जरा किरकोळ वाटला. चार वाक्यं बोलायचा आणि कामाला लागायचा. भाकरी कुठंच नव्हती.

दुसऱ्या भागाच्या मध्यावर राक्षसांनी त्याचं दुकान घेरलं, पेटवलं, आणि तो मेला.

मला वाटलं मोबाइल चुकला. पान पुन्हा धरलं. मग शब्दकोश उघडून एकेक शब्द बघितला. शिकारीण राखेतून त्याची ऐरण ओढून काढते, टोळी त्याला पुरते आणि पुढच्या पानावर लढाईला निघते. मागचं दार नव्हतंच. मी पुढं भराभर चाळलं. तिसऱ्या भागात लोहार नाही, चौथ्यात नाही. कुत्रं नाही, साहेब नाही, स्थळ नाही.

मी भयंकर चिडलो. आधी त्या लेखिकेवर, एवढा कामाचा माणूस असा फुकट मारला म्हणून. मग भाचीवर. मला काय कुक्कुलं बाळ समजते का ही? मी चाळिशीचा बाप्या, माझ्यापासून एका कागदावरच्या म्हाताऱ्याचं मरण लपवायचं? पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि उगाचच दुकान झाडायला घेतलं. झाडता झाडता तो दिवस आठवला, तिचं डोकं दुखलं होतं तो. आई जाऊन तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते. तेरा वर्षांची पोर त्या पानावर आली, तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं असेल, आणि एक रात्र विचार करून म्हाताऱ्याला मागचं दार काढून दिलं. पुढची सगळी वर्षं मग त्याला पोसला. शिव्या माझ्या, ठेचा माझा, गिऱ्हाइकाशी वाकडं बोलणं माझं. मी हातात झाडू घेऊन रडलो. दुकानात कुणी नव्हतं, त्यामुळं बरंच रडलो.

तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रविवार संपला असता, इतकं साधं गणित होतं ते. पुढचे महिने मी आठवडाभर खोक्यातलं खरं पुस्तक वाचायचो आणि रविवारी तिचं ऐकायचो. खऱ्या पुस्तकात लढाया चांगल्या होत्या, पण माणसं तिची चांगली होती. मी मुद्दाम विचारायचो, ‘‘लोहार काय म्हणतो?’’ आणि ती क्षणभर थांबून सांगायची. ते थांबणं आता मला ऐकू यायला लागलं होतं. तेवढ्यात ती काहीतरी रचत असायची.

थंडीच्या अखेरीला बहिणीचा फोन आला. आडवळणं घेत घेत ती मुद्द्यावर आली. ‘‘तुला राग यायचा, पर सांगते. परीक्षा तोंडावर आल्याती. रविवारी दुपारी तुला काय सांगायचं म्हणून पोरगी सकाळधरून डोकं धरून बसती. पुस्तक धरूनबी बसत न्हाई, नुसती बसती. मी म्हणलं मामाला सांग येळ न्हाई म्हणून, तर रडायला लागली. तिच्यानं तुला न्हाई म्हणवत न्हाई.’’

‘‘मी बोलतो तिच्याशी,’’ मी म्हणालो. बहीण काही तरी समजुतीचं बोलत राहिली. माझं लक्ष नव्हतं. पोरीचा रविवार मी खात होतो, आणि तो सोडायचा म्हटलं की माझ्याकडं काहीच उरत नव्हतं. त्या आठवड्यात मी दोन गिऱ्हाइकांशी भांडलो, दोघांचंही काही चुकलेलं नव्हतं.

रविवारी फोन आला. तिचा आवाज झोपेला आलेला होता. ‘‘मामा, आज लोहारानं नवीन तलवार करायला घेतली, आणि ते कुत्रं हाय ना...’’

‘‘बाई, थांब जरा. लोहाराला आता मरू दे.’’

‘‘काय?’’

‘‘मेलाय त्यो. दुसऱ्या भागातच मेलाय. मी वाचलंय.’’

तिकडं मागं कुठंतरी रिक्षाचा हॉर्न वाजला. मग तिनं विचारलं, ‘‘कधी वाचलंत?’’

‘‘पावसाळ्यात.’’

‘‘मंग येवढे दिवस बोलला का न्हाईत?’’

‘‘तुझा लोहार लई चांगला होता म्हणून.’’

ती रडत होती, पण आवाज येऊ देत नव्हती. ‘‘तवा आजी गेल्ती, मामा. तुम्ही एक शब्द बोलत नव्हता. मला त्याला मारताच आलं न्हाई.’’

‘‘कळलं गं मला. आता बोलतो की मी. दिवसभर गिऱ्हाइकावर वरडत असतो, कुणालाबी इचार. तू अभ्यास कर. रविवारी बिलकुल फोन करू नको, झोप काढ.’’

तेव्हा तिनं श्वास सोडला. पाठीवरचं पोतं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. तिला स्वतःलाही तो कळला नसेल. मला मात्र स्वच्छ ऐकू आला, आणि फार लागला. मी तेच करायला बसलो होतो, तिचं ओझं उतरवायला, तरी लागला. मग ती घाईघाईनं म्हणाली, ‘‘पण मी फोन करणारच हां, मामा.’’ मी म्हणालो, ‘‘कर की. येळ मिळंल तवा.’’

फोन येतो अधूनमधून. जेवलात का, ऊन फार आहे का, तब्येत बरी आहे ना. चांगली पोरगी आहे. परीक्षा झाली, तिला हवं ते कॉलेज मिळालं, आता ती आणखी लांब गेली आहे.

पाचवा भाग मी मागवला. पार्सलवाल्यानं हायवेवरच्या धाब्यावर टाकला, तिथून घेऊन आलो. सावकाश वाचला, कारण तो संपल्यावर पुढं काही नव्हतं. शेवटच्या लढाईच्या आदल्या दिवशी शिकारिणीची तलवार मोडते. तिच्या डोक्यात दुसराच काही विचार असतो आणि पाय आपोआप पुलाखालच्या गल्लीत वळतात. तिथं काळी पडलेली भिंत आणि गवत. ती तलवारीचे दोन तुकडे हातात घेऊन बराच वेळ उभी राहते. मग ते तुकडे तसेच कमरेला खोचून परत फिरते.

अर्ध्या पानाचाच प्रसंग आहे. मी तो पुन्हा वाचला, मोबाइल न धरता, आणि सगळा कळला. फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं. दुपारची वेळ, ती वर्गात बसली असेल. फोन खाली ठेवला. तेवढ्यात एकजण मोटरसायकलवर मोटार बांधून आला, घामानं नुसता निथळत होता. ती उतरवून घेता घेता मी त्याला म्हणालो, ‘‘हिथं एक पान लई भारी लिहिलंय.’’ तो म्हणाला, ‘‘मोटार कधी भेटंल?’’ मी म्हणालो, परवा. तो गेला, आणि ते एवढं चांगलं पान उघडं ठेवून मी बसून राहिलो. कुणाला सांगावं ते कळेना.